चौदा खेपा

दिग्रस सोडलं की पुसद रोडला डाव्या हाताला
एमआयडीसीची पाटी, अक्षरं उडालेली.
अकरा शेड. चालू तीन.
मधल्यात आम्ही पेरणीयंत्रं बनवतो:
सात फणांचं, नऊ फणांचं,
भूतडा शेठच्या भाषेत, गिऱ्हाईक म्हणेल तितक्या फणांचं.

मी रुजू झालो तेव्हा
दोनशे चाळीस बियाणं-पेट्या रंगवून थप्पीला उभ्या होत्या
आणि चाकं एकीलाही नव्हती.
मार्चात स्वस्त मिळाला म्हणून भरलेला पत्रा
भाद्रपदात तांबूस होऊन बोटाला लागत होता.
शेठ म्हणाले, माल म्हणजे लक्ष्मी.
मी म्हणालो, अडकलेली.
ते हसले नाहीत.

वच्छलाबाई मडावींना मात्र पहिल्याच दिवशी समजलं.
"लांब रोट्या कोनी रातीच करून ठेवते का?
चामड्यावानी होते. जेवनारा बसला का मंग
हातावर लांबवाची."
पुण्याहून आणलेल्या साठ स्लाइड्स
मी तिथेच बंद केल्या.

आठवडाभर बाईंच्या मागे पेन्सिल घेऊन फिरलो.
शेडच्या नकाशावर प्रत्येक खेपेची एक रेघ:
कटिंगहून ड्रिलला, ड्रिलहून रॅकला,
रॅकवर पाना नाही, म्हणून परत.
शनिवारी कागद म्हणजे शेवयांचं ताट.
एका पाळीत सव्वानऊ किलोमीटर.
बाईंनी कागद उलटा धरला, सरळ धरला.
"हे माह्या पायाईनं काढलं?"
आणि हळूच गुडघा चोळला.

त्यात रेघांचा एक जुडगा
थेट कोपऱ्यातल्या पॉवर प्रेसला जाणारा.
जाताना हात रिकामे, येताना रिकामे.
दिवसाला चौदा.
मी लाल पेनने लिहिलं: वाया.

रविवारी पहारी आणि नळ्या लावून मशिनी सरकवल्या.
ड्रिल बाईंच्या कोपराशी आलं.
प्लायवर पान्याच्या जागी पान्याचीच पिवळी सावली.
ट्रे रिकामा झाला की कार्ड मागे जाणार,
कार्ड आल्याशिवाय एक चकती पाडायची नाही.
पावणेदोन किलोमीटर.
शेठनी स्वतःहून चहा मागवला.

बाराव्या दिवशी
एक आख्खा ट्रे चकत्या काठाला फाटलेल्या निघाल्या.
चाळीसच. पूर्वीची थप्पी असती तर हजार जात्या.
पण चाळीस तरी का?

प्रेसवर शालिकभाऊ ठोंबरे, एकोणीस वर्षं.
त्यांचे कान त्याच प्रेसने खाल्ले.
डाय चिरली की ठोका फुटका येतो,
सगळ्या शेडला येतो, त्यांना येत नाही.
बाई ऐकायच्या. जाऊन खांद्यावर हात ठेवायच्या.
कधी नुसत्याच बघून यायच्या, ठीक आहे ना.

"मंग सांगितलं काऊन नाही?" मीही त्यांच्याच बोलीत गेलो.
"तुमीच त म्हनलं, रिकाम्या हातानं जाचं नाही.
मले काय मालूम, तुमी कान नाही,
पाय मोजून राह्यले."

आता कैचीवरून एक सुती दोरी जाते,
जुन्या मोटारीच्या पुलीवरून.
एक टोक बाईंच्या टेबलाला,
दुसऱ्या टोकाला, शालिकभाऊंच्या डोळ्यांसमोर, लाल फडकं.
ते नाचलं की पाय पेडलवरून वर.
खर्च पस्तीस रुपये, पुली घरचीच.

नव्या नकाशात ती कशी दाखवावी, सुचेना.
तिच्यावरून कोणी चालत नाही.
शेवटी तुटक रेघ मारली.

काल साडेतीनला फडकं हललं.
शालिकभाऊंनी डाय पाहिली, चकती पाहिली,
अंगठा काठावरून फिरवला. काही नव्हतं.
वळले, तर तिकडे बाई
फोडलेलं सीताफळ उंच धरून उभ्या.

प्रेस बंद: चार मिनिटं.
कारणाचा रकाना
अजून भरायचा आहे.