धुराचा पेपर

आचाओच्या बंदर-कचेरीत मी सव्वीस वर्षं
लोकांना नापास करत आलो.
छोट्या होडीचा परवाना हवा,
तर माझ्या टेबलाशी यावंच लागायचं.
टेबलाचा एक पाय आखूड,
खाली कुणाच्या तरी जुन्या अर्जाची घडी.

ओर्फेलिना कायून आली ती आलाओ बेटावरून,
बाजाराच्या बोटीनं, गुडघ्यापर्यंतच्या रबरी बुटांत,
समुद्री शेवाळाची दोन पोती घेऊन.
पोती दाराबाहेर राहिली. वास आत आला.
वय विचारलं, तर म्हणाली,
"सत्तेचाळीस. पण पन्नासच लिहा,
परत परत खोडायला नको."

प्रश्न सातवा: दाट धुकं पडल्यास काय कराल?
उत्तर मला आजही तोंडपाठ आहे:
वेग कमी करावा. भोंगा वाजवावा. होकायंत्र पाहावं.
तिनं लिहिलं, एकेक अक्षर
जाळं ओढावं तसं ओढून काढत:
"इंजिन बंद करीन. नाक वर करीन.
ओल्या तेपूचा धूर आला, तर डावीकडे लिनलिन.
लुमाचा आला, तर आमचं बेट,
पाद्रीबाबांशिवाय ते लाकूड कुणाला परवडत नाही.
कसलाच वास नसला, तर थांबीन.
कुणीतरी आधण ठेवेलच."

मी लाल शाईनं शून्य काढलं.
छान गोल आलं होतं.

दुसऱ्यांदा ती दिव्यांच्या रंगांत अडकली,
तिसऱ्यांदा भरतीच्या कोष्टकात.
"भरती मला घोट्याला कळते," म्हणाली,
"ह्या चौकटीत ती कुठून शिरली?"
चौथ्यांदा तिच्या पेनातली शाई संपली
आणि मी दुसरं पेन दिलं नाही.
नियम आहे, म्हणालो.
असा नियम नव्हता.
मला जेवायला जायचं होतं.

एवढ्या काळात दलाल तिच्या प्रत्येक पोत्यामागे
निम्मं भाडं कापत राहिला.
होडीसाठी पिवळ्या रंगाचा डबा
तिनं पहिल्या परीक्षेआधीच घेऊन ठेवला होता.
दर हिवाळ्यात झाकण उघडायची,
वर धरलेली साय काढून टाकायची,
झाकण परत ठोकून बसवायची.
हे मला तिच्या भाच्यानं सांगितलं,
शेवाळ उलथताना ती नियम घोकायची
आणि तो वाळवणाच्या दुसऱ्या टोकाकडून
चुका ओरडून सांगायचा.

पाचव्यांदा एकसष्ट गुण. हवे होते साठ.
सातव्या प्रश्नाला तिनं लिहिलं होतं:
वेग कमी करावा. भोंगा वाजवावा. होकायंत्र पाहावं.
एकही काना चुकला नव्हता.
मला का कोण जाणे, बरं वाटलं नाही.

विचारलं, इतक्यांदा का येत राहिलात?
वाटलं, आता काहीतरी मोठं बोलेल,
घरी जाऊन बायकोला सांगण्यासारखं.
"मंगळवारी बोट असतेच," ती म्हणाली.
"परतीची तीनला. तोवर मी बसायचं कुठं?"
मी हसलो. ती नाही.
परवाना उजेडात धरून तिनं नीट वाचला,
मग म्हणाली, "चारही वेळा माझं आडनाव चुकवलंत.
म्हटलं, एकदा बरोबर लिहून घ्यावंच."

आता मी निवृत्त. खाडीवर घर,
गुडघ्यात ओल, खिडकीत दुर्बीण.
धुकं उतरलं की दुर्बीण बाजूला ठेवतो,
खिडकी उघडतो, नाक वर करतो.
सगळा धूर सारखाच वाटतो मला.
बायको म्हणते, थंडी आत येतेय, लावा ती खिडकी.
बाहेर कुठंतरी, भोंगा न वाजवता,
एक इंजिन बंद पडतं,
नव्हे, कुणीतरी बंद करतं,
आणि थोड्या वेळानं, भलत्याच बाजूनं, पुन्हा सुरू होतं.

मी नापास. चौथ्यांदा की पाचव्यांदा, मोजलं नाही.
उद्याही धुकं आहे म्हणतात.