ब्लेडं

बफेलोच्या पूर्वेकडचं दुमजली घर,
लॉरेन वोयतासची अठरावी बोली.
आधीची सतरा रोखीवाल्यांनी नेली,
उंबरा न ओलांडता, फोनवरून.
हे मिळालं, कारण तळघरात पाणी होतं
आणि तिने चार हजार जास्त लिहिले,
हात थरथरू न देता.

मग रात्री इस्पितळ, दिवसा पहार.
न्हाणीघराची भिंत फोडली तेव्हा
आतून खळ्ळकन ओघळली
गंजलेली दाढीची ब्लेडं, शेकड्यांनी.
आरशामागच्या फटीतून कुणीतरी
वर्षानुवर्षं टाकलेली,
भिंत काही भरत नाही अशा भरवशावर.
तिने ती कॉफीच्या डब्यात भरली.
वहीत त्यांना रकाना नव्हता.
छप्पर: नऊ हजार. बॉयलर: विचारूच नका.

मार्चमध्ये भाड्याची पाटी लागली.
पहिलं जोडपं आलं, बर्फाचे बूट दारात काढून.
मुलीने जिन्याची तिसरी पायरी
न बघताच ओलांडली.
ती करकरते, हे तिला ठाऊक होतं.

लॉरेन गप्प. घर दाखवायच्या दिवशी
हीच दोघं अंगणात कुजबुजत होती,
बोटांवर काहीतरी मोजत.

भाडं? मुलाने विचारलं.
तिने आकडा सांगितला.
वहीतल्याहून पन्नासने कमी;
का, ते तिलाही नीट कळलं नाही.

मुलगी स्वयंपाकघराच्या भिंतीला हात लावून उभी.
"ही पिवळी करायचं ठरवलं होतं आम्ही."

"करा," लॉरेन म्हणाली.
"रंग तुमचा."