बसण्याचा रंग

मी नगरपरिषदेत आरेखक.
भुसावळच्या नकाशात रंग भरतो.
पिवळा म्हणजे कुणीतरी राहतं,
निळा म्हणजे काहीतरी विकलं जातं,
जांभळा म्हणजे कारखाना, मग तो बंद का असेना.
लोकोशेडच्या मागं, नाल्याच्या वळणावर
मी एक निळा चौकोन भरला:
आरक्षण क्रमांक एक्केचाळीस,
व्यापारी संकुल व वाहनतळ.
पेन्सिलीला टोक करताना आठवलं,
अरे, इथं तर सातपुडा आहे.

डोंगर नव्हे. कौतिक भावसारचा.
आधी पाटी होती 'सातपुडा परमिट रूम'.
आठ वर्षांपूर्वी वॉर्डातल्या बायांनी मतदान केलं,
बाटली आडवी झाली,
आणि कौतिकनं मधला शब्द चुन्यानं पुसला.
चुना पातळ होता. उन्हात बघितलं
तर शब्द अजून वाचता येतो.
आता चहा, सोडा, दुपारी शेवभाजी.
बाकडी तीच, सहा.
रात्रपाळी सुटलेले फिटर,
फुकट पेन्शनचे फॉर्म भरून देणारा युसूफ पिंजारी,
आणि सुपडू कोळी,
जो काहीच घेत नाही,
फक्त पंख्याखालची जागा घेतो.

प्रारूप योजना भिंतीवर लागली.
हरकती व सूचना, मुदत तीस दिवस.
दोनशे बारा आल्या. बहुतेकांचं म्हणणं एकच:
रस्ता शेजाऱ्याच्या घरातून न्या.
एक वहीच्या पानावर होती,
खाली सही, देवकाबाई तायडे.
मी नाव दोनदा वाचलं.
मतदानाच्या दिवशी रांगेत सगळ्यांत पुढं
हीच उभी होती.

सुनावणीला आली ती चपला बाहेर काढून.
समितीतले एक साहेब हसले,
'बाई, तुम्हीच तर ते बंद पाडलं!'
ती म्हणाली,
'बाटली आम्ही आडी केली साहेब,
बाकडं नई.'

मग थांबली. पंखा कुरकुरत होता.
'माहा मालक तठीच प्यायचा.
प्यायचा, मारायचा, ते समदं खरं.
पन कुठी हाये, ते ठाऊक राह्यचं.
पोराले पाठवलं का चौघं जन धरून आनत.
मेला तव्हाबी त्याच चौघांनी उचलला.
आता पोरगा पितो.
हायवेच्या कडीले गाडी लावतो,
अंधारात, एकलाच.
त्याले हुडकायले मी
तुमच्या कोन्त्या चौकोनात जाऊ?'

साहेबांनी चष्मा पुसला.
नियम त्यांच्या बाजूनं होता, आणि तो चुकीचाही नव्हता:
हॉटेल म्हणजे व्यापारी वापर, संकुल म्हणजेही व्यापारी,
रंग निळाच राहतो,
मग हरकत नेमकी कशाला?

देवकाबाई नकाशाजवळ गेली.
बोट लावलं नाही, नुसतं बघितलं,
आणि मला विचारलं, साहेबांना नव्हे,
'भाऊ, बसायचा रंग कोन्ता हाये?'

बावीस वर्षं ह्या खुर्चीत बसून
मला हे कुणी विचारलं नव्हतं.
मी सूची वरून खाली वाचली.
दफनभूमीला रंग आहे,
मलनिस्सारण केंद्राला आहे,
रेल्वेच्या पडीक जागेलासुद्धा आहे.

समितीनं शिफारस केली. अर्धवट.
संकुल होईल, पण तळमजल्यावर
'विद्यमान वापर शक्यतो कायम ठेवावा'.
'शक्यतो' कुणी घातला, मला माहीत आहे.
फाइल पुण्याला गेली, अजून तिथंच आहे.

पाठवण्याआधी मी एक केलं,
कुणाला सांगितलं नाही.
एक्केचाळीसच्या चौकोनात
सगळ्यांत बारीक निबनं
सहा आडव्या रेघा ओढल्या.
तपासणाऱ्याला वाटेल, पायऱ्या असतील.

परवा संध्याकाळी सातपुड्यात गेलो.
पिंजारी कुणाचा तरी आधार क्रमांक मोठ्यानं वाचत होता.
देवकाबाई उंबऱ्याबाहेर उभी,
हातात कप.
कौतिक म्हणाला, 'आत या की मावशी.'
ती म्हणाली, 'नई, हितूनच दिसतं.'
आणि आतल्या सहा बाकड्यांवरचे चेहरे
तिनं एकेक करून
मोजल्यासारखे बघितले.
पोरगा नव्हता.
सुपडू थोडा सरकला,
बाकड्यावर एका माणसापुरती
जागा झाली.