एकाच मीटरवर

जांबोटी रस्त्याला आत चार किलोमीटर,
फणसाखाली पंचायत, पंचायतीला टेकून सातेरीचं देऊळ.
दोघांत भिंत एकच, चिऱ्याची,
आणि भिंतीत भोक.
भोकातून वायर, वायरीभोवती चिंधी,
पाल येऊ नये म्हणून.

मी हेस्कॉमचा रीडर. गळ्यात मशीन, बॅगेत डबा.
बी.ए., राज्यशास्त्र, खानापूर, दुसरा वर्ग.
कुणी विचारत नाही, म्हणून सांगतो.

मिंगेल सोज सर शिकवायचे अमेरिकेची घटना,
मराठीतून, मधेच कोकणीत घसरत.
"तिकडं राज्य आणि चर्च यांच्यामध्ये भिंत आहे, बाबांनो."
मागच्या बाकावरून भावकाण्णा: "किती फूट, सर?"
सर हसले नाहीत.
"इंग्रजीत सोळा शब्द. तेवढीच उंची.
रोज कुणीतरी उडी मारायला बघतं,
आणि कोर्टात कुणीतरी मोजायला उभं राहतं."
"मग त्यांच्या नोटेवर देवाचं नाव कसं?"
सरांनी खडू ठेवला, हात झटकले.
"तेच तर. भिंत बांधून झाली असं म्हणायचं नसतं."

परीक्षेत हे आलं नाही.

आज मीटर एक, उजेड दोन.
खरं तर जास्तच: उरुसाला एका रात्री दर्ग्याची माळ,
नाताळात क्रुसाजवळचा कागदी तारा,
सगळ्यांचे युनिट ह्याच आकड्यात,
बिल पंचायतीला,
म्हणजे कुणालाच नाही.
इतकी वर्षं चाललंय, भांडण नाही, तंटा नाही,
मी कशाला भिंतीचं घेऊन बसू?

मग गुरवीण आली. शेवंतक्का. ओल्या हातात अर्ज.
"देवीला वेगळा मीटर पाहिजे."
"का ओ? फुकट जळूलालाय की दिवा."
"फुकट?" ती पायरीवर टेकली.
"इलेक्शनच्या रात्री किल्ली मागितली.
करंट आमचा, मग कुलूप कुणाचं, म्हणे.
वीस बायका आणून बेलभंडारा उचलायला लावला,
अमक्यालाच मत टाकीन म्हणून.
माझ्या सुनेनं उचलला. तिला टाकायचं नव्हतं.
अजून गाभाऱ्यात येत नाही बघ,
उंबऱ्यातूनच हात जोडते.
सरकारचं काय गेलं? देवी बाटली."

हे सरांच्या कुठल्याच नोट्समध्ये नव्हतं.
मी आपला समजत आलो,
भिंत म्हणजे कचेरीला देवापासून वाचवायची.
दुसऱ्या बाजूनं कधी हात लावून बघितला नव्हता.
तिकडचा चिरा तेलानं काळा, गार,
आणि बोट ठेवलं तर चिकटणारा.

फॉर्म कानडी. मी वाचत गेलो, ती मराठीत सांगत गेली,
मी परत कानडीत लिहीत गेलो.
ह्या जिल्ह्यात एवढं तर शाळेशिवाय येतं.
अर्जदाराचं नाव: सातेरी.
वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव:
शेवंतक्का पहिल्यांदाच हसली. मी आडवी रेघ मारली.
पत्ता: भिंतीपलीकडे.
खोडलं. सर्व्हे नंबर घातला.
डिपॉझिट?
तिनं कनवटीची पुरचुंडी सोडली,
ओटीतली नाणी, कुंकू लागलेली.
मोजताना माझी बोटं लाल.
नियमात कुंकवाबद्दल काही नाही.
सोळा शब्द आठवून बघितले,
अकरावर अडकलो.

"मंगळवारी लाईनमन येईल, वायर काढून टाकील."
"आणि भोक?"
"तुमच्या बाजूनं तुम्ही बुजवा. थोडा चुना, थोडी वाळू."

पंचायतीचा शिपाई दारात कधीचा उभा,
हातात अध्यक्षांचा चहा, वर साय धरलेली.
त्यानं भोकाकडं बघितलं, मग माझ्याकडं.
"आणि आमच्या बाजूनं
कोण बुजवणार ओ?"