जाऊन येते

विडी घरकुलात रात्री नऊला
चिलवेरी मॅडमचा क्लास सुटतो.
शेजारच्या मागाच्या खटखटीवर मी घोकते:
ताबेमासु, ताबेमासेन, ताबेमाश्ता,
खाते, खात नाही, खाल्लं.
क्रियापदाला बाई-बाप्या काही नाही;
अण्णाही ताबेमासु, मीही.

आई सुपात विड्या वळता वळता विचारते,
उद्याचं कसं म्हणायचं?
उद्याला वेगळं रूपच नाही, म्हटलं.
ती हसली. मग आपल्यासारखंच की.

दोनच धातू नियमात बसत नाहीत:
करणं
आणि येणं.

आज 'इत्तेकिमासु' शिकवलं.
घरातून निघताना म्हणतात.
फोड केली: जाऊन, येते.
आईनं दातांनी दोरा तोडला,
म्हणाली, पोयोस्ता.
आणि तेंदूपानांचं सूप
जरा जवळ ओढलं.