भिंत उजव्या हाताला ठेवा

पहिल्याच दिवशी, कॉनिस्टनच्या अलीकडे,
ओल्या दगडावरून विभावरीचा पाय सटकला.
घोटा टम्म. हाड शाबूत.
कंपनीच्या बाईनं फोनवर विचारलं, सहल रद्द करायची का?
पैसे परत मिळत नाहीत, हे बारीक अक्षरांत
ही आधीच वाचून बसली होती.
"तुम्ही चाला," म्हणाली, "मी बॅगांबरोबर जाते."

मग रोज साडेनऊला बर्केटची पांढरी व्हॅन.
मागे सहा जणांचं सामान, पुढे माझी बायको,
मांडीवर पर्स,
घोट्यावर गोठलेल्या मटारची पिशवी.
आणि मी, गळ्यात प्लास्टिकच्या पाकिटातले कागद अडकवून
जत्रेत हरवलेल्या पोरासारखा
रस्ता वाचत निघायचो.

*तिसऱ्या फाटकानंतर ओढा ओलांडा.
भिंत उजव्या हाताला ठेवा.
भिंत संपली की वाट चुकल्यासारखं वाटेल.
चुकलेली नाही. सरळ जा.*

त्रेसष्ट वर्षांत
मला इतकं स्पष्ट कुणी काही सांगितलं नव्हतं.

इथे डोंगराला फेल म्हणतात.
का, ते चढताना कळलं.

लँगडेलच्या वाटेवर एकदा रस्ता पायवाटेला चिकटून गेला.
व्हॅन आली, विभावरीनं काचेतून हात केला,
मंत्र्यासारखा,
आणि वळणावर नाहीशी झाली.
बराच वेळ डिझेलचा वास
नेच्याच्या झुडपांत अडकून होता. हुंगत उभा राहिलो.

संध्याकाळी मी सांगायचो: पाणी असं होतं,
खाली काळं, मध्ये शिशाचं, पलीकडच्या काठाला
कुणी तवा पालथा घालावा तसा डोंगर.
ती "हं" म्हणायची.
मग ती सांगायची: मिसेस टायसनच्या मुलाला मेंढ्या नकोत,
त्याला कार्लाइलला दुचाक्या दुरुस्त करायच्यात.
या मेंढ्या जन्मतात काळ्या आणि पिकत पिकत पांढऱ्या होतात,
"तुमच्यासारख्या."
बर्केटची बायको चार वर्षांपूर्वी पुढच्या सीटवर बसायची.
सीट त्यानं अजून मागे सरकवलेली नव्हती.
हिनं सरकवली.
मग दोघं बराच वेळ बोलले नाहीत म्हणे.

आणि मेंढ्या मोजायचे जुने आकडे शिकवले त्यानं:
यान, ट्यान, टेथेरा, मेथेरा, पिंप.
"पाचाला पिंप!" ती हसून हसून पलंगावर आडवी,
"पाणी भरायचं!"
त्याच आकड्यांत तिनं माझ्या पायांवरचे फोड मोजले.
मेथेरापर्यंत झाले.

स्टेक खिंडीत धुकं बसलं होतं.
कागद म्हणत होता, *येथून दृश्य अप्रतिम आहे.*
मी अंड्याचं सँडविच सोडलं.
धुकं जरा फाटलं, खोल खाली ओढ्याची वाकडी रेघ,
एक तुकडा ऊन, तेही घाईत.
"अगं, बघ," मी म्हणालो.
एका मेंढीनं बघितलं.

परत झाकलं.

आज शेवटचा दिवस. रॉस्थवेटपासून केजिकपर्यंत
तळं हाताशी, वाट सपाट, कागद जवळजवळ गप्प.
करायला काही नाही म्हणून मी फाटकं मोजतोय.
एका वेळी एकच माणूस मावतं असली ही फाटकं:
आत शिरायचं, झडप आपल्याच अंगावर ओढायची,
मग पलीकडे.
दोघं असलो तर एकानं थांबायचं असतं.
यान.
ट्यान.
गुडघा कुरकुरतोय. टेथेरा.
ओक, चिखल, एक कुत्रा, कुत्र्याची मालकीण, मेथेरा.
पिंप.

पुढचं फाटक समोर दिसतंय,
हिरवा गंज, ओली कडी,
आणि सहाला काय म्हणतात
ते मी विचारलंच नाही.

ती आत्ता केजिकात खिडकीशी बसली असेल,
पाय खुर्चीवर, चहा गार करत.
तिला येत असेल.

कागद घडी करून खिशात घातला.
भिंत कुठल्याही हाताला असो.
चाल जरा वाढवली.