रजयांचे भाडे

डिसेंबरात सरकार नागपूरले येते
अन् माझा धंदा निघते.
यशवंत स्टेडियमपाशी शंभर रजया,
रात्रीचे वीस रुपये, अनामत वेगळी.

अंगणवाडीच्या बाया दोघींत एक घेतात.
विनाअनुदानित मास्तर पावती मागतात;
कोणाले दाखवतील, बाप्पा?

तिकडे आत
राज्य किती लाख कोटींचं, त्यावर बोलणं चालू.
इकडे मी मोजतो :
सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव.
दोन कमी.

गेल्या साली धानोऱ्याच्या कौतिका कुळमेथेनं
फाटकी नेली, म्हणे पाच कमी करा.
सकाळी आणली
तर टाके घातलेले, बारीक, एकसारखे.

मागणी काय होती, विचारलं.
"तीच."

यंदा ती रजई बाजूले काढून ठेवली.
टाके थोडे उसवले आहेत.